पुश्काशचा डावा पाय

फुटबॉलच्या खेळांत अकरा गडी झटतात. पण वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांनीं नांव छापून येतें तें बहुधा एकाचेंच, ज्यानें गोल केला त्याचें. मोहिमेचा सारा शीण दहाजणांनीं सोसावा आणि गड सर केल्याचें श्रेय अकराव्यानें घ्यावें, असा हा वरवर पाहतां अन्याय दिसतो. तो खरोखर अन्याय आहे काय, आणि गोल करण्याची विद्या म्हणजे नेमकें काय, याचा उलगडा करावयाचा असेल तर हंगेरी देशांतील फेरेन्त्स पुश्काश या खेळाडूच्या चरित्राइतकें बोधप्रद चरित्र क्वचितच सांपडेल. हंगेरीतर्फें ८५ सामन्यांत ८४ गोल करणारा हा पुरुष अंगलटीनें ठेंगणा व भरलेला होता. उजव्या पायानें चेंडू मारण्याचा प्रसंग तो होतां होईल तों टाळीत असे. चेंडू डोक्यानें मारण्यांतहि त्याचा लौकिक नव्हता. त्याची सारी दौलत एका डाव्या पायांत, आणि त्या पायाला हुकूम सोडणाऱ्या डोक्यांत होती.

पुश्काशचा जन्म १ एप्रिल १९२७ रोजीं बुडापेस्ट शहरीं झाला. घराण्याचें मूळ आडनांव पुर्त्सेल्द हें जर्मन वळणाचें होतें. १९३७ सालीं तें बदलून कुटुंबानें पुश्काश हें हंगेरियन आडनांव धारण केलें. या शब्दाचा अर्थ बंदूकवाला. आपल्याकडे तोफखाने हें आडनांव असतें, त्याच मासल्याचें हें नांव. आणि ज्या मुलाला तें वयाच्या दहाव्या वर्षीं मिळालें त्यानें तें पुढें अक्षरशः खरें केलें. वडील किशपेश्त या भागांतील संघाकडून खेळत व पुढें त्याच संघाला शिकवीत. घर मैदानाला लागूनच होतें. शेजारच्या बिऱ्हाडांत योझेफ बोझिक नांवाचा, पुश्काशहून सुमारें सव्वा वर्षानें मोठा असा मुलगा राहात असे. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. तिच्यावर थाप पडली कीं खेळावयास निघावयाचें, असा त्या दोन पोरांचा संकेत होता.

गरीब वस्तींतील पोरांना खरा चेंडू कोठून मिळणार? चिंध्या कोंबून केलेल्या चेंडूवरच त्यांची हौस भागे. परंतु उणिवेंतहि कधीं कधीं एक शिक्षण असतें. चिंध्यांचा चेंडू उसळत नाहीं आणि आपण होऊन फार दूर गडगडतहि जात नाहीं. त्याला पायाशीं राखावें लागतें, आणि सोबत्याकडे द्यावयाचा तर नेमका त्याच्या पावलाशीं सारावा लागतो. पुश्काशचा पाय चेंडूला जणुं हाताप्रमाणें कुरवाळी असें पुढें जें वर्णन होऊं लागलें, त्याचा श्रीगणेशा येथें झाला. संघांत नोंद होण्यास बारा वर्षें पुरीं व्हावीं लागत. तेवढा धीर नसल्यामुळें पुश्काश प्रथम मिक्लोश कोवाच या खोट्या नांवानें खेळला. १९४३ सालीं, सोळा वर्षांचा असतांना, तो किशपेश्तच्या मोठ्या संघांत आला. २० ऑगस्ट १९४५ रोजीं ऑस्ट्रियाविरुद्ध तो प्रथम देशातर्फें खेळला आणि त्याच सामन्यांत त्यानें गोलहि केला. १९४७–४८ च्या हंगामांत त्यानें हंगेरीच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेंत ५० गोल नोंदविले.

येथें गोल करण्याच्या विद्येविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ९० मिनिटांच्या सामन्यांत कसलेल्या खेळाडूच्याहि पायाशीं चेंडू एकंदरीनें दोनचार मिनिटेंच असतो. उरलेला सर्व काळ तो चेंडूवांचून खेळत असतो. या चेंडूवांचूनच्या खेळांतच आघाडीच्या खेळाडूची खरी परीक्षा आहे. चेंडू आतां कोठें आहे हें सर्वांनाच दिसतें. तो दोन क्षणांनीं कोठें येईल आणि तेथें मोकळी जागा कोणती असेल, हें ज्याला आधीं दिसतें तोच गोल करतो. ही मोकळी जागा आयती मिळत नाहीं. आपल्या सोबत्यांनीं प्रतिपक्षाच्या रक्षकांना हूल देऊन, ओढून नेऊन, ती निर्माण करावी लागते. यास्तव उत्तम गोल करणारा हा उत्तम सोबत्यांवांचून संभवतच नाहीं. पुश्काशचें भाग्य असें कीं त्याला असे सोबती एका वेळीं चार-पांच मिळाले.

१९४९ सालीं हंगेरींतील साम्यवादी राजवटीनें किशपेश्तचा संघ सैन्याच्या ताब्यांत दिला. त्याचें नांव होनवेद, म्हणजे देशरक्षक, असें ठेवण्यांत आलें. देशांतील निवडक खेळाडू लष्करांत भरती करून या एका संघांत आणले गेले व त्यांना हुद्दे मिळाले. पुश्काश पुढें मेजर झाला. इंग्रजी वृत्तपत्रांनीं त्याला "धांवता मेजर" अशी गमतीची पदवी दिली. राजवटीचा हेतु खेळ हा नव्हता, आपल्या राज्यपद्धतीचा डंका जगांत वाजविणें हा होता. परंतु त्यामुळें एकच गडी वर्षभर एकत्र खेळूं लागले, आणि राष्ट्रीय शिक्षक गुस्ताव शेबेश याला एकजीव झालेला संघ हातीं आला.

त्या काळीं संघाची मांडणी ठरीव असे. पाठीवरच्या आंकड्यावरून खेळाडूची जागा कळे. ९ आंकड्याचा गडी म्हणजे सेंटर फॉरवर्ड. त्यानें प्रतिपक्षाच्या गोलाच्या तोंडाशीं राहावयाचें, आणि समोरच्या ५ आंकड्याच्या सेंटर हाफनें त्याच्यावर सावलीसारखी पाळत ठेवावयाची. हंगेरीनें हा संकेतच उलटा केला. नान्दोर हिदेगकुती याच्या पाठीवर ९ आंकडा असे खरा, परंतु तो पुढें न जातां मागें, मैदानाच्या मध्यभागीं रेंगाळत राही. आतां प्रतिपक्षाच्या सेंटर हाफनें करावें काय? हिदेगकुतीच्या मागें जावें तर आपल्या घराचें दार सताड उघडें पडतें; दाराशीं उभें राहावें तर हिदेगकुती मोकळा सुटतो. त्या उघड्या दारांतून शिरण्यास दोघे टपलेले असत, उजवीकडे शान्दोर कोचिश आणि डावीकडे पुश्काश. या सर्वांच्या मागें राहून शांतपणें चेंडू पुरविणारा गडी म्हणजे भिंतीपलीकडचा तो जुना सोबती बोझिक.

१९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिकांत या संघाचा उदय झाला. त्याच स्पर्धेंत आपला भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ असा पराभूत झाला होता. त्याच बलाढ्य युगोस्लाव्हियाला हंगेरीनें अंतिम सामन्यांत २–० असें जिंकून सुवर्णपदक मिळविलें. त्यांतला पहिला गोल पुश्काशचा होता.

परंतु सर्व जगाचे डोळे दिपले ते २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं, लंडनमधील वेंब्ली मैदानावर. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याहि राष्ट्रीय संघानें तोंपर्यंत इंग्लंडला त्याच्या घरच्या मैदानावर हरविलें नव्हतें. एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर पहिल्याच मिनिटांत हिदेगकुतीनें गोल केला, आणि वर सांगितलेला पेंच इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन याला अखेरपर्यंत सुटला नाहीं. २४ व्या मिनिटाला पुश्काशनें जो गोल केला त्याचें वर्णन आज सत्तर वर्षांनंतरहि होतें. गोलाच्या उजव्या अंगास चेंडू त्याच्या पायाशीं आला. इंग्लंडचा कप्तान बिली राइट हा नामांकित रक्षक होता. तो वेगानें घसरत चेंडूवर आला. पुश्काशनें डाव्या पायाचा तळवा चेंडूवर ठेवून तो अलगद मागें ओढला. राइट रिकाम्या जागेवरून घसरत पुढें निघून गेला, आणि दुसऱ्याच क्षणीं त्याच डाव्या पायानें चेंडू जाळ्यांत जाऊन पडला. हें सर्व एका श्वासाच्या अवधींत झालें. येथें बळाचें काम कांहीं नव्हतें. प्रतिस्पर्धी काय करणार हें त्याच्याहि आधीं ओळखणें, एवढेंच तें काम होतें. सामना हंगेरीनें ६–३ असा जिंकला. पुढील मे महिन्यांत बुडापेस्ट येथें इंग्लंडनें परतफेड करूं पाहिली, तों ७–१ असा त्याहून मोठा पराभव पदरीं आला.

या प्रसंगांतील एक गोष्ट शिक्षकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. बुडापेस्टच्या खेळाडूंना चेंडू जमिनीवरून, आंखूड पल्ल्यानें, सोबत्याच्या पावलाशीं देण्याची रीत पहिल्या महायुद्धाच्या काळांत ज्यानें शिकविली तो जिमी होगन हा इंग्लिशच होता. स्वदेशांत त्याच्या शिकवणीची फारशी चाड कोणी बाळगली नव्हती. वेंब्लीच्या त्या सामन्याला तो वृद्ध गुरु प्रेक्षकांत बसलेला होता. सामन्यानंतर हंगेरीच्या चालकांनीं त्याचें ऋण उघडपणें मान्य केलें. आपल्या घरीं पेरलेलें न उगवतां परक्याच्या शेतांत उगवावें आणि तें पाहावयास आपण जिवंत असावें, असा हा योग विरळा.

१९५४ सालची विश्वचषक स्पर्धा स्वित्झर्लंडमध्यें भरली. चार वर्षें अजिंक्य राहिलेला हंगेरीचा संघ तो चषक नेणार याविषयीं कोणालाच शंका नव्हती. पहिल्या सामन्यांत त्यानें दक्षिण कोरियाला ९–० असें व दुसऱ्यांत पश्चिम जर्मनीला ८–३ असें हरविलें. परंतु या दुसऱ्या सामन्यांत पुश्काशचा घोटा दुखावला व पुढचे दोन सामने त्याला बाहेर बसून पाहावे लागले. ४ जुलै रोजीं बर्न येथें अंतिम सामन्यांत पुन्हां पश्चिम जर्मनीशींच गांठ पडली. घोटा पुरता बरा झालेला नसतांनाहि पुश्काश खेळला. पाऊस कोसळत होता. सहाव्या मिनिटाला त्यानें गोल केला, आठव्या मिनिटाला झोल्तान त्सिबोरनें दुसरा केला. आणि तेथून पुढें दैव फिरलें. अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनांनीं बरोबरी साधली व सामना संपण्यास सहा मिनिटें असतांना तिसरा गोल केला. अगदीं शेवटीं पुश्काशनें चेंडू जाळ्यांत धाडलाहि. पण रेषापंचानें निशाण वर केलें होतें, आणि गोल ऑफसाइड ठरला. सामना ३–२ असा गेला. जखमी कप्तानानें खेळावयास हवें होतें काय, आणि तो गोल खरोखर बाद होता काय, हे दोन्ही वाद हंगेरींत आजवर मिटलेले नाहींत. पराभवाची वार्ता कळतांच बुडापेस्टच्या रस्त्यांवर दंगे उसळले. जो खेळ राजवटीनें आपला डंका म्हणून वाजविला होता, त्याचीच हार हें राजवटीविरुद्ध ओरडण्याचें निमित्त झालें.

तो खरा भडका उडाला १९५६ च्या ऑक्टोबरांत. बुडापेस्टमध्यें उठाव झाला व नोव्हेंबरांत सोव्हिएत रणगाड्यांनीं तो चिरडला. होनवेदचा संघ त्या सुमारास युरोपियन चषकाच्या सामन्यांसाठीं परदेशीं होता. बिल्बाओच्या संघाशीं पहिला सामना त्याच्या गांवीं झाला. परतीचा सामना बुडापेस्टला होणें शक्य नव्हतें, म्हणून तो डिसेंबरांत ब्रुसेल्सला खेळावा लागला. देशरक्षक नांवाच्या संघाला आपल्याच देशांत पाऊल ठेवतां येऊं नये, हा दैवदुर्विलास होय. पुढें परवानगी नसतांना हा संघ ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला, आणि तेथून परतल्यावर त्याची फाटाफूट झाली. बोझिक स्वदेशीं परतला. पुश्काश, कोचिश व त्सिबोर परतले नाहींत. पुश्काशची पत्नी व लहानगी मुलगी सीमा ओलांडून त्याला येऊन मिळाल्या. कोणाचा निर्णय योग्य व कोणाचा अयोग्य, याचा निवाडा सुखांत बसलेल्या माणसानें करूं नये. घडलें तें एवढेंच, कीं एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलेले दोन सोबती यापुढें युरोपच्या दुभंगाच्या दोन बाजूंना राहिले.

स्वदेशांत पुश्काशला पळपुटा सैनिक ठरविण्यांत आलें. हंगेरीच्या मागणीवरून आंतरराष्ट्रीय संघटनेनें त्याला खेळण्याची बंदी केली. सुमारें दीड वर्षाहून अधिक काळ तो अधिकृत सामन्यावांचून होता. वय तिशीच्या पुढें गेलें, वजन बरेंच वाढलें, आणि त्याला घेण्याची हिंमत मोठमोठ्या संघांना होईना. देश गेला, हुद्दा गेला, अंगांतली चपळाई गेली, ज्यांच्या मनांतलें न बोलतां कळत असे ते सोबतीहि गेले. फुटबॉलपटूचें आयुष्य येथें संपावें हाच रिवाज. परंतु १९५८ सालीं स्पेनमधील रिआल माद्रिद या संघाचे अध्यक्ष सान्तिआगो बेर्नाबेउ यांनीं एकतीस वर्षांच्या या स्थूल माणसाला आपल्या संघांत घेतलें.

माद्रिदमध्यें आल्फ्रेदो दि स्तेफानो हा अर्जेंटिनाचा खेळाडू सर्वेसर्वा होता. एका म्यानांत दोन तलवारी राहणार कशा, असें पुष्कळांना वाटलें असल्यास नवल नाहीं. पुश्काशनें तो प्रश्न उद्भवूंच दिला नाहीं. स्वदेशांत ज्यानें कप्तानी गाजविली त्यानें येथें दि स्तेफानोचें वडीलपण निमूटपणें मानलें, आणि मोकळी जागा हेरून तेथें वेळेवर पोंचण्याचें आपलें जुनें काम नव्या सोबत्यांबरोबर आरंभिलें. पहिल्या हंगामांत स्पेनच्या साखळी स्पर्धेंत सर्वाधिक गोल दि स्तेफानोचे झाले, २३; पुश्काशचे २१. पुढील पांच हंगामांपैकीं चारांत तो मान पुश्काशकडे आला. १९६१ ते १९६५ अशीं लागोपाठ पांच वर्षें माद्रिदनें ही स्पर्धा जिंकली. या संघाकडून त्यानें अधिकृत २६२ सामन्यांत २४२ गोल केले, आणि ते सर्व वयाची एकतिशी गांठल्यानंतरचे आहेत, हें विसरतां कामा नये. पायांतला वेग उसना असतो, तो वय परत घेतें. डोळ्यांतली पारख स्वतःची असते, ती शेवटपर्यंत राहते.

या दुसऱ्या आयुष्याचा कळस १८ मे १९६० रोजीं ग्लासगो येथें झाला. युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यांत फ्रँकफुर्टच्या आइन्ट्राख्ट संघाशीं गांठ होती. त्यापूर्वीं एक अडचण उभी राहिली. १९५४ च्या विजयी जर्मन संघानें उत्तेजक द्रव्यें घेतल्याचा आरोप पुश्काशनें पूर्वीं केला होता. त्यामुळें तो ज्या संघांत असेल त्याच्याशीं जर्मन संघांनीं खेळूं नये, असा तेथील संघटनेचा हुकूम होता. पुश्काशनें लेखी क्षमा मागितली व सामना झाला. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर माद्रिदनें तो ७–३ असा जिंकला. दि स्तेफानोनें तीन गोल केले आणि पुश्काशनें चार. या चषकाच्या अंतिम सामन्यांत एकट्यानें चार गोल करणारा दुसरा खेळाडू अद्यापि झालेला नाहीं.

दोन वर्षांनीं, १९६२ सालीं, आम्स्टरडॅम येथें लिस्बनच्या बेनफिका संघाविरुद्ध त्यानें पुन्हां अंतिम सामन्यांत तीन गोल केले. परंतु माद्रिदचा संघ ५–३ असा हरला. मोझांबिकमध्यें जन्मलेला वीस वर्षांचा एउसेबिओ त्या दिवशीं दोन गोल करून विजयी झाला. सामना संपतांच पुश्काशनें आपला सदरा काढून या तरुणाच्या हातीं दिला. कोणतेंहि भाषण न करतां एका पिढीनें दुसरीला दिलेला तो वारसा होता. त्याच वर्षीं चिली देशांत तो स्पेनतर्फें विश्वचषकांत खेळला. तेथें मात्र त्याच्या हातून एकहि गोल झाला नाहीं. १९६६ सालीं त्यानें खेळांतून निवृत्ति घेतली.

पुढें तो शिक्षक झाला व देशोदेशीं फिरला. १९७१ सालीं ग्रीसमधील पानाथिनाइकोस या संघाला त्यानें युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलें. आजतागायत दुसरा कोणताहि ग्रीक संघ तेथवर पोंचलेला नाहीं. तो सामना वेंब्लीवरच झाला व आयाक्स संघानें तो जिंकला. १९९१ सालीं ऑस्ट्रेलियांत साउथ मेलबर्न या संघानें त्याच्या हाताखालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. गुरु या नात्यानें त्याला नेहमींच यश आलें असें नाहीं. उपजत ज्ञान दुसऱ्याला उकलून सांगणें किती कठीण असतें हें शिकविण्याचा धंदा करणारे जाणतात.

१९८१ सालीं, पंचवीस वर्षांनीं, त्यानें प्रथमच पुन्हां मायभूमीवर पाऊल ठेविलें. त्यावेळीं बोझिकला जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. राजवट बदलल्यावर पुश्काश बुडापेस्टला कायमचा राहावयास आला. १९९३ सालीं कांहीं काळ त्यानें राष्ट्रीय संघाची धुराहि वाहिली. अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाच्या व्याधीनें त्याला ग्रासलें, आणि ज्या सामन्यांच्या आठवणी साऱ्या जगानें जपल्या त्या त्याच्याच मनांतून पुसल्या गेल्या. १७ नोव्हेंबर २००६ रोजीं, वयाच्या एकोणऐशीव्या वर्षीं तो निवर्तला. ज्याला एके काळीं पळपुटा ठरविलें होतें त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामानें निघाली, व बुडापेस्टच्या सेंट स्टीफन या महामंदिरांत त्याला चिरविश्रांति मिळाली.

त्याच्या कीर्तीचीं स्मारकें पुष्कळ आहेत. बुडापेस्टच्या राष्ट्रीय क्रीडांगणाला २००२ सालीं त्याचें नांव देण्यांत आलें, आणि जुनें पाडून त्याच जागीं २०१९ सालीं उभें राहिलेलें नवें क्रीडांगणहि त्याच्याच नांवाचें आहे. २००९ पासून आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षीं एक पुश्काश पुरस्कार देते. परंतु तो सर्वांत अधिक गोल करणाऱ्याला मिळत नसून सर्वांत सुंदर गोल करणाऱ्याला मिळतो. ही योजना मोठी मार्मिक आहे. आंकडे वाढतात व मोडले जातात. वेंब्लीवर तळव्याखालीं मागें ओढलेल्या चेंडूची बरोबरी कोणत्या आंकड्यानें करावयाची?

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरहि याच शहरांत मिळतें. राष्ट्रीय क्रीडांगण पुश्काशच्या नांवाचें आहे. पण किशपेश्तला, जेथें त्या दोन पोरांनीं चेंडू हातीं धरला, तेथील मैदानाला नांव आहे बोझिकचें. गोल करणाऱ्याचें नांव मोठ्या दारावर आणि त्याला चेंडू पुरविणाऱ्याचें नांव घरच्या दारावर, अशी ही वांटणी आहे. आणि तींत अन्याय झाला असें ज्यानें हा खेळ जाणला आहे तो तरी म्हणणार नाहीं.